एव्हरेस्ट न चढलेला एरिक

एव्हरेस्टवर सगळ्यात आधी कोण पोचलं, असं विचारलं तर तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. एडमंड हिलरी आणि तेनझिंग नोर्गे, २९ मे १९५३. शाळेतच पाठ झालेलं असतं. आता जरा अवघड प्रश्न. तेनझिंगला एव्हरेस्टच्या मोहिमेवर पहिल्यांदा कोणी घेतलं? आणि हिलरीला?

दोन्हींचं उत्तर एकच आहे. एरिक शिप्टन. तेनझिंगला त्याने १९३५ मध्ये निवडलं, हिलरीला १९५१ मध्ये. ज्या वाटेने हे दोघं वर गेले, ती वाट चढता येईल हेही त्यानेच डोळ्यांनी पाहून सांगितलं. एव्हरेस्टवर तो स्वतः पाच वेळा गेला. आणि ज्या सहाव्या वेळी शिखर सर झालं, त्या वेळी त्याला टीममधून बाजूला केलेलं होतं.

नशीब खराब, एवढं म्हणून हा विषय संपवता येईल. पण शिप्टनची गोष्ट तेवढी सोपी नाही. हिमालयात आज जे कमी सामानाचे, चार-पाच मित्रांचे, एका खिंडीतून दुसऱ्या खोऱ्यात उतरणारे लांबलचक ट्रेक होतात, त्यांची सुरुवात ज्यांच्यापासून मोजतात त्यात या माणसाचं नाव फार वर आहे. म्हणून त्याला जरा नीट ओळखून घ्या.

वाचता न येणारा मुलगा

शिप्टनचा जन्म १ ऑगस्ट १९०७ चा, सिलोनमधला, म्हणजे आजच्या श्रीलंकेतला. वडील चहाच्या मळ्यात. एरिक तीन वर्षांचा व्हायच्या आत ते गेले. आईला एका जागी राहायची सवय नव्हती, त्यामुळे बालपण सतत प्रवासात गेलं. शाळा सुरू झाली आणि खरी पंचाईत झाली. मुलगा हुशार, पण अक्षरं डोक्यात बसेनात. आज आपण त्याला डिस्लेक्सिया म्हणतो. तेव्हा त्याला आळशी किंवा ढ म्हणत. नावाजलेल्या शाळेची प्रवेश परीक्षा तो नापास झाला. पुढे विद्यापीठात गेलाच नाही.

डोंगर मात्र त्याला वाचता यायला लागले. शाळेच्या वयातच नॉर्वे, मग आल्प्स. सुट्टी लागली की हा चढायला. हाच मुलगा पुढे सहाहून जास्त पुस्तकं लिहिणार होता, हे त्याच्या मास्तरांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं.

वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९२८ मध्ये, तो केनियाला गेला. कॉफीच्या मळ्यावर काम शिकायला. पहिली नोकरी म्हणा. मळ्यापासून ढगांच्या वर माउंट केनिया दिसायचा. त्याचं सर्वोच्च टोक बाटियन, ५,१९९ मीटर. १८९९ मध्ये हॅलफर्ड मॅकिंडर तिथे पोचला होता आणि त्यानंतर तीस वर्षं कोणालाही ते जमलं नव्हतं. १९२९ मध्ये शिप्टन आणि पर्सी विन-हॅरिस तिथे पोचले. वाटेत शेजारचं नेलिऑन हे शिखरही त्यांनी चढून टाकलं, तेही इतिहासात पहिल्यांदा.

ही बातमी दुसऱ्या एका कॉफीवाल्याच्या कानावर गेली. त्याचं नाव बिल टिलमन. शिप्टनपेक्षा नऊ वर्षांनी मोठा, पहिल्या महायुद्धात लढून आलेला, कमी बोलणारा. त्याने शिप्टनला पत्र लिहिलं आणि गिर्यारोहणातली एक नामांकित जोडी जमली. १९३० मध्ये दोघांनी माउंट केनियाच्या अवघड पश्चिम धारेवरून बाटियन गाठलं. एकमेकांच्या दोरावर जीव टांगलेले हे दोघं कित्येक वर्षं एकमेकांना आडनावानेच हाक मारत होते. यारी होती, पण तिचा गवगवा नव्हता.

पाकिटामागचा हिशोब

१९३१ मध्ये शिप्टन हिमालयात आला. फ्रँक स्माइथच्या टीमबरोबर गढवालमधलं कामेट चढला. उंची ७,७५६ मीटर. तोवर माणसाने चढलेलं ते सर्वांत उंच शिखर होतं. १९३३ मध्ये त्याला एव्हरेस्टच्या मोहिमेत घेतलं. तिथे त्याने मोठी मोहीम काय असते ते पहिल्यांदा पाहिलं. शेकडो जनावरं, डब्यांच्या पेट्यांवर पेट्या, लष्करी शिस्त, तंबूंचं गाव. इतकं करूनही शिखर हुकलंच. शिप्टनच्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसली. एवढा पसारा डोंगर चढायला मदत करत नाही. बराचसा वेळ आणि ताकद तो पसाराच वर नेण्यात जाते.

१९३४ च्या सुरुवातीला टिलमनने त्याला विचारलं की इंग्लंडमधल्या डोंगरांत थोडे दिवस भटकायला येतोस का. शिप्टनने उलटं विचारलं की त्यापेक्षा हिमालयात येतोस का. टिलमन लगेच तयार झाला. मोहिमेचं नियोजन पाकिटाच्या मागच्या बाजूवर अर्ध्या तासात मावलं पाहिजे, हे शिप्टनचं तत्त्व पुढे प्रसिद्ध झालं. त्याची पहिली खरी परीक्षा हीच होती.

ठिकाण निवडलं नंदादेवी. हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळी मजा आहे. ७,८१६ मीटर उंचीचं हे शिखर एका प्रचंड कोटाच्या आत उभं आहे. चारी बाजूंनी सुमारे ११० किलोमीटर घेराची पर्वतांची भिंत, आणि त्यातली कितीतरी शिखरं सहा हजार मीटरच्या वरची. आपल्या कळसूबाईच्या चौपट उंचीची तटबंदी डोळ्यांपुढे आणा. या तटाला एकच फट आहे. तिच्यातून ऋषिगंगा बाहेर पडते. त्या घळीचे दोन्ही कडे इतके सरळ की १८८३ पासून लोक प्रयत्न करत होते आणि आतल्या भागात कोणालाही पोचता आलं नव्हतं. ह्यू रटलेज नावाचा इंग्रज अधिकारी तीन वेळा प्रयत्न करून थकला होता. म्हणजे शिखर चढणं दूरच, पायथ्याला पोचायचीच मारामार.

शिप्टन आणि टिलमन मालवाहू जहाजाने भारतात आले. बरोबर तीन शेर्पा घेतले. आंगथारके, पासांग आणि कुसांग. बस, पाच जण. रानीखेतहून मे महिन्यात निघाले. खायला सातू, आटा, तूप, असंच. जे शेर्पा खात तेच हे दोघं खात. जेवढं ओझं शेर्पा उचलत तेवढं हेही उचलत. त्या काळात साहेब लोक स्वतः ओझी वाहत नसत, हे लक्षात घेतलं की यातला फरक कळेल.

ऋषिगंगेच्या घळीचे शेवटचे काही किलोमीटर कापायला कित्येक दिवस गेले. कड्यावरून एक पट्टी पकडायची, ती संपली की वरची किंवा खालची शोधायची, सापडली की परत मागे येऊन ओझी न्यायची. वाट अशी नव्हतीच. एकेक पाऊल जुळवत गेले आणि जूनमध्ये ते आत पोचले. समोर हिरवी कुरणं, माणसाला न घाबरणारी जनावरं आणि मधोमध नंदादेवी.

इतर कोणी असता तर इथेच फोटो काढून परत फिरला असता. पण यांचा ट्रेक आता कुठे सुरू झाला होता. पावसाळा आला तसे ते बद्रीनाथकडे सरकले. तिथून गंगोत्रीच्या बाजूचा जलविभाजक ओलांडला. मग बद्रीनाथ ते केदारनाथ. फार पूर्वी एकच पुजारी एकाच दिवशी दोन्ही मंदिरांत पूजा करत असे, अशी आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. शिप्टनने ती ऐकली होती आणि मधली वाट शोधायची ठरवली. खिंड ओलांडली खरी, पण पलीकडच्या घनदाट जंगलात, धो धो पावसात, वाट हरवली आणि शिधा संपला. शेवटी बांबूचे कोंब खाऊन दिवस काढले. त्या कोंबांवर अस्वलांचाही डोळा होता.

एवढं झाल्यावर कोणीही घरी गेला असता. हे ऑगस्टच्या शेवटी माणा गावच्या माणसांना बरोबर घेऊन पुन्हा ऋषिगंगेतून आत गेले. या खेपेला दक्षिणेचा भाग पाहिला. शिप्टनने शेर्पांबरोबर मैकतोली हे ६,८०३ मीटरचं शिखर पहिल्यांदा चढलं. नंदादेवीच्या दक्षिण धारेवर चढून पाहिलं आणि इथून शिखर गाठता येईल याची खात्री करून घेतली. मग आल्या वाटेने न परतता सुंदरढुंगाच्या बाजूच्या भयंकर खिंडीतून, बर्फाच्या उभ्या भिंतीवरून खाली उतरले. पाच महिन्यांचा ट्रेक. दोघांचा मिळून सगळा खर्च तीनशे पौंडांच्याही आत.

एका पावसाळ्यात २६ शिखरं

१९३५ मध्ये त्याला एव्हरेस्टच्या पाहणी मोहिमेचं नेतृत्व मिळालं. वय सत्तावीस. तिबेट सरकारची परवानगी उशिरा आली होती, त्यामुळे मुख्य मोहीम पुढच्या वर्षावर गेली आणि तोवर पाहणी करून यायची असं ठरलं. शिप्टनला तर हेच हवं होतं. सात जणांची छोटी टीम त्याने नेली.

दार्जिलिंगला शेर्पांची निवड चालू होती. यादी जवळपास पूर्ण झालेली. शेवटच्या एक-दोन जागांसाठी रांगेत विशीतला एक पोरगा उभा होता. अनुभवाचं एकही सर्टिफिकेट नाही. पण हसरा चेहरा, आणि त्या हसण्यात काहीतरी होतं. शिप्टनने त्याला घेतलं. तो तेनझिंग.

आता खरी गंमत. ऐन पावसाळ्यात ही टीम एव्हरेस्टच्या उत्तरेकडे पोचली. नॉर्थ कोल या खिंडीपर्यंत, म्हणजे सुमारे सात हजार मीटरपर्यंत, ते चढले. वर बर्फ इतका भुसभुशीत आणि धोकादायक होता की पुढे जाण्यात अर्थ नव्हता. पावसाळ्यात ठराविक उंचीच्या वर ताजा बर्फ घट्ट होतच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग काय करायचं? तंबूत बसून वाट बघायची? शिप्टनने टीमच्या छोट्या छोट्या तुकड्या केल्या आणि आजूबाजूच्या शिखरांवर सोडल्या. आज या खोऱ्यात, चार दिवसांनी त्या. चढायचं, वरून दिसणाऱ्या भागाचं मोजमाप घ्यायचं, उतरायचं, तंबू उचलायचा, पुढे निघायचं. त्या एका मोसमात त्यांनी २० हजार फुटांच्या, म्हणजे सुमारे ६,१०० मीटरच्या वरची २६ शिखरं चढली. त्यातली बहुतेक पहिल्यांदाच.

हे कसं जमलं? एक तर शरीराला विरळ हवेची सवय हळूहळू झाली होती. उंचीवर काही आठवडे राहिलं की रक्तातल्या लाल पेशी वाढतात आणि तोच श्वास जास्त पुरतो. विमानाने थेट उंचावर उतरून दोन दिवसांत चढायला निघालेल्याला जे डोकं दुखून हैराण करतं, ते दार्जिलिंगपासून तिबेटच्या पठारावरून चालत आलेल्याला कमी छळतं. दुसरं म्हणजे सामान कमी, त्यामुळे बर्फ चांगला असेल तिथे लगेच जाता येई. तिसरं, एकाच शिखरावर सगळा डाव लावलेला नव्हता. एक हुकलं तर शेजारचं आहे.

याच मोहिमेत त्यांना एक मृतदेह सापडला. मॉरिस विल्सन नावाचा इंग्रज आदल्या वर्षी एकट्याने एव्हरेस्ट चढायला आला होता. गिर्यारोहणाचा अनुभव जवळपास शून्य, भरवसा उपासावर आणि प्रार्थनेवर. टीमने त्याला तिथेच बर्फाच्या भेगेत पुरलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण हलकं जाणं आणि बेफिकीर जाणं यात गोंधळ करू नका. शिप्टन सामान कमी करायचा, तयारी नाही. आणि जिथे बर्फ पटला नाही तिथून तो मागे फिरायचा. आयुष्यभर फिरला. पुढे हेच त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं.

या मोहिमेतून दोन धागे पुढे गेले. पहिला टिलमनचा. १९३५ मध्ये त्याला उंची नीट मानवली नाही, म्हणून १९३६ च्या एव्हरेस्ट टीममधून त्याला वगळलं. रिकामा राहिलेला टिलमन दुसऱ्या टीमबरोबर नंदादेवीला गेला. दोन वर्षांपूर्वी शिप्टनबरोबर हेरून ठेवलेल्या त्याच दक्षिण धारेने तो आणि नोएल ओडेल २९ ऑगस्ट १९३६ ला शिखरावर पोचले. जगात तोवर चढलेलं ते सर्वांत उंच शिखर ठरलं, आणि १९५० पर्यंत तो विक्रम टिकला. शिप्टन तेव्हा कुठे होता? एव्हरेस्टच्या त्या मोठ्या मोहिमेत. त्या वर्षी पावसाळा लवकर आला आणि मोहीम फसली. म्हणजे नंदादेवीही हुकली.

दुसरा धागा डॅन ब्रायंटचा. टीममधला हा न्यूझीलंडचा गडी सगळ्यांना इतका आवडला की न्यूझीलंडच्या माणसांबद्दल शिप्टनचं मत कायमचं चांगलं झालं. एवढीशी गोष्ट. पण सोळा वर्षांनी तिनेच इतिहास फिरवला.

रानीखेतचं पत्र

१९३७ मध्ये शिप्टन काराकोरमच्या पलीकडे शक्सगामच्या खोऱ्यात गेला. नकाशावर तिथे नुसती पांढरी जागा होती. पांढरी जागा इंग्रजांच्या नकाशावर होती, हेही लक्षात ठेवा. हिमालयातल्या अशा कितीतरी खोऱ्यांच्या तोंडाशी मेंढपाळ आणि व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या येत होते. शिप्टनच्या मोजमापांना सरकारी पाठबळ मिळालं ते साम्राज्याच्या सरहद्दींना नकाशे लागत होते म्हणूनही. तो त्या काळाचाच माणूस होता. पण आंगथारकेसारख्या शेर्पांशी तो बरोबरीने वागला, त्यांची नावं पुस्तकात आदराने लिहिली, आणि शेर्पांनीही त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं जायचं पसंत केलं.

१९३८ ला पुन्हा एव्हरेस्ट, या वेळी टिलमनच्या नेतृत्वाखाली. पुन्हा माघार. १९३९ ला काराकोरममध्ये काम चालू असताना दुसरं महायुद्ध सुरू झालं. पुढे तो चीनमधल्या काशगरला ब्रिटनचा वकील, म्हणजे कॉन्सल, म्हणून राहिला. नंतर कुनमिंगला. तिथे कम्युनिस्ट सत्ता आल्यावर त्याला देश सोडावा लागला आणि १९५१ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला परतला. वय ४३, हातात नोकरी नाही.

तेवढ्यात नेपाळने दार उघडलं होतं. एव्हरेस्टला दक्षिणेकडून वाट आहे का हे पाहायला एक छोटी टीम निघत होती, आणि नेतृत्वासाठी त्याला विचारलं गेलं. त्याच वेळी गढवालमध्ये न्यूझीलंडचे चार गिर्यारोहक चढाई करत होते. आमच्यातल्या दोघांना घ्याल का, अशी त्यांच्या देशातून विचारणा झाली. इंग्लंडमधले कितीतरी चांगले गडी त्याने नाकारले होते. पण डॅन ब्रायंट आठवला आणि शिप्टनने हो म्हटलं. उत्तर पोचलं रानीखेतला, जिथून १९३४ मध्ये तो स्वतः नंदादेवीला निघाला होता. चौघांपैकी दोघं नेपाळला गेले, दोघं घरी परतले. गेलेल्यांत एक उंचापुरा मधमाश्या पाळणारा होता. एडमंड हिलरी.

३० सप्टेंबर १९५१ ला शिप्टन आणि हिलरी पुमोरी या शिखराच्या एका धारेवर सुमारे सहा हजार मीटरपर्यंत चढले. तिथून एव्हरेस्टचं आतलं खोरं दिसलं. तोवरचा समज होता की या बाजूने शिखराकडे वाट नसेल. आणि समोर वाट होती. खुंबूचा बर्फाचा धबधबा, त्यावरची वेस्टर्न कूम ही दरी, ल्होत्सेचा उतार, साउथ कोल आणि पुढे शिखर. आज दर वर्षी शेकडो लोक नेपाळच्या बाजूने ज्या वाटेने चढतात, तीच ही. त्याच मोहिमेत मेनलुंगच्या हिमनदीवर त्याने एका मोठ्या पावलाच्या ठशाचा फोटो काढला. शेजारी आइस अ‍ॅक्स ठेवलेला. यतीचं पाऊल म्हणून तुम्ही तो फोटो नक्की पाहिला असेल.

खोलीत झालेला निर्णय

१९५२ ला परवानगी स्विस टीमला मिळाली. त्यांचा रेमंड लॅम्बर्ट आणि तेनझिंग शिखराच्या बरेच जवळ जाऊन परतले. ब्रिटनला मिळालं १९५३. त्यानंतरचं वर्ष फ्रेंचांचं. म्हणजे आत्ता नाही तर कदाचित कधीच नाही. १९५२ मध्ये सरावासाठी शिप्टनने चो ओयूवर टीम नेली. चांगली वाट तिबेटच्या हद्दीतून जात होती. चिनी सैनिक समोर आले तर मोठं राजकीय प्रकरण होईल, म्हणून त्याने त्या बाजूला पूर्ण ताकद लावली नाही. शिखर हुकलं.

लंडनच्या कमिटीत कुजबूज सुरू झाली. माणूस उत्तम आहे, पण शिखर मारण्याची भूक आहे का? एवढी मोठी मोहीम हा सांभाळेल का? आधी त्यालाच नेता नेमलं होतं. काही आठवड्यांत निर्णय बदलला आणि लष्करी अधिकारी जॉन हंट यांना आणायचं ठरलं. शिप्टनपुढे कमीपणाचा पर्याय ठेवला गेला. तो बाहेर पडला.

इथे दोन्ही बाजू बघा. शिप्टनला मोठ्या मोहिमा आवडत नव्हत्या, हे त्याने कधी लपवलं नव्हतं. कदाचित नवा माणूस बरा, असं कमिटीपुढे तो स्वतःच बोलून गेला होता. हंट यांचं नियोजन अप्रतिम होतं हेही खरं. वेळ, पैसा आणि ऑक्सिजनचं गणित बसवायला तसाच माणूस लागला असता. पण ज्या पद्धतीने हे झालं ती पद्धत वाईट होती. टीममधल्या कित्येकांना, हिलरीलाही, ते लागलं. हंट यांना मिळालेली टीम बरीचशी शिप्टननेच १९५१ आणि १९५२ मध्ये पारखलेली होती. चो ओयूवर ग्रिफिथ प्यू यांनी शरीराच्या आणि ऑक्सिजनच्या ज्या चाचण्या घेतल्या, त्यांचाही १९५३ ला उपयोग झाला.

२९ मे १९५३ ची बातमी जगभर गेली तेव्हा शिप्टन इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये मुलांच्या साहस प्रशिक्षण शाळेचा प्रमुख होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती नोकरी गेली, लग्न मोडलं. वेल्सच्या सीमेजवळच्या श्रॉपशरमध्ये तो जंगलखात्यासारखी मजुरीची कामं करू लागला. झाडं तोडणं, लाकडं वाहणं. पुस्तकांतून ज्याचं नाव लोकांना माहीत, तो माणूस.

बावन्न दिवस बर्फावर

त्याला परत डोंगरात कोणी नेलं, माहितीये? कॉलेजच्या पोरांनी. १९५७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे विद्यार्थी काराकोरमला निघाले होते. त्यांना नेता हवा होता. त्यांनी शिप्टनला विचारलं आणि पन्नाशीला टेकलेला शिप्टन त्यांच्याबरोबर गेला.

तिथून पुढे तो थांबलाच नाही. हिमालय सोडून त्याने दक्षिण अमेरिकेचं टोक गाठलं, पॅटागोनिया. जगातली सर्वांत बेभरवशाची हवा तिथली. वारा माणसाला उभा राहू देत नाही, तंबू फाडतो. १९६०-६१ मध्ये तीन सोबत्यांसह त्याने दक्षिण पॅटागोनियाची बर्फाची चादर लांबीच्या दिशेने पार केली. स्लेजवर सामान ओढत बावन्न दिवस. वय ५३. पुढच्या मोसमात तिएरा देल फुएगोमधलं माउंट डार्विन पहिल्यांदा चढलं. तिथे ना कमिटी होती, ना पहिल्या पानावरची बातमी. पाकिटामागे हिशोब मांडून निघालेला तोच जुना शिप्टन होता.

२८ मार्च १९७७ ला कर्करोगाने तो गेला, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. त्याच वर्षी टिलमनही गेला. उतारवयात समुद्राकडे वळलेला टिलमन दक्षिण अटलांटिकमध्ये बोटीसह बेपत्ता झाला. ऐंशीला आलेला होता.

तुमच्यातले बरेच जण सध्या सीव्ही लिहिताय. त्यात एक रकाना असतो, अचीव्हमेंट्स. शिप्टनचा तो रकाना अवघड आहे. एव्हरेस्ट, पाच प्रयत्न, शिखर नाही. नंदादेवी, वाट शोधली, शिखर मित्राचं. पहिल्यांदा पोचलेल्या दोघांना संधी दिली, स्वतः घरी. पण त्याची पुस्तकं वाचताना हा हिशोब चुकीचा वाटायला लागतो. कारण तो जे शोधत होता ते त्याला जवळजवळ दर ट्रेकला मिळत होतं. डोंगराच्या पलीकडे काय आहे, एवढंच त्याला बघायचं होतं. शिखरं वाटेत लागायची. अन्याय झाला हे खरंच, आणि तो त्याला लागलाही. पण त्या अन्यायावर त्याने आयुष्य थांबवलं नाही.

नंदादेवीच्या त्या कोटात आज तुम्हाला जाता येणार नाही. ट्रेकर्सची आणि मोहिमांची गर्दी वाढली, कचरा आणि झाडतोड वाढली, तेव्हा १९८३ मध्ये आतला भाग बंद केला गेला. १९८८ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण शिप्टनचं 'नंदादेवी' हे १९३६ चं पुस्तक उघडता येतं. इंग्रजी सोपं आहे. ज्याला लहानपणी अक्षरं लागत नव्हती त्याने लिहिलंय. हिमालयाच्या पुढच्या ट्रेकची बॅग भरण्याआधी ते वाचा. बॅगेतल्या निम्म्या वस्तू तुम्ही स्वतःच बाहेर काढाल.